बारीक चोचीचा कर्ल्यू नामशेष झाला, हे ठरवायला तीस वर्षं का लागली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत जागतिक निसर्ग संवर्धन परिषद भरली होती. तिथे आययूसीएन या संस्थेने धोक्यातल्या जीवजातींची सुधारित लाल यादी जाहीर केली. हिरव्या समुद्री कासवाची स्थिती सुधारल्याची आनंदाची बातमी त्यातलीच. त्याच यादीत एका पक्ष्याच्या नावापुढे 'नामशेष' असा शेरा पडला. हा पक्षी म्हणजे बारीक चोचीचा कर्ल्यू, शास्त्रीय नाव न्युमेनियस टेन्युइरोस्ट्रिस. युरोपची मुख्य भूमी, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया एवढ्या मोठ्या टापूतली, पृथ्वीवरूनच नाहीशी झाल्याची नोंद झालेली ही पहिली पक्षीजात.

बातमीत पुढे लिहिलेलं असतं की हा पक्षी शेवटचा निर्विवादपणे दिसला तो फेब्रुवारी १९९५ मध्ये. मग मधली तीस वर्षं काय चाललं होतं? आणि जो पक्षी दिसतच नाही तो संपला की नुसता दडलाय, हे कोण आणि कशावरून ठरवतं? ते समजून घ्यायचं तर आधी पक्षी कसा होता ते बघायला हवं, कारण तो कसा जगायचा यातच तो सापडेनासा का झाला याचं बरंचसं उत्तर आहे.

## कर्ल्यू म्हणजे कोण?

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात, उथळ पाण्यात किंवा ओल्या गवतात चोच खुपसून खाणं शोधणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना किनारपक्षी म्हणू. कर्ल्यू त्यांच्यातले मोठे. खाली वाकलेली लांब चोच ही त्यांची खूण. या चोचीचं टोक संवेदनशील असतं, त्यामुळे चिखलात डोळ्यांना न दिसणारा किडा किंवा खेकड्याचं पिल्लू तिला स्पर्शाने कळतं. या कुळात आठ जाती धरल्या जातात. त्यांतला युरेशियन कर्ल्यू हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर आणि ठाणे खाडीतही येतो. उरणकडे किंवा ऐरोलीला पक्षी बघायला जाणाऱ्यांच्या तो ओळखीचा असतो.

बारीक चोचीचा कर्ल्यू त्याच्यापेक्षा बराच लहान, साधारण ३६ ते ४१ सेंटिमीटर लांबीचा. चोच काळसर, टोकाकडे निमुळती होत गेलेली. छाती आणि कुशी पांढऱ्या, आणि मोठ्या पक्ष्याच्या कुशीवर गोल किंवा बदामाच्या आकाराचे ठसठशीत काळे ठिपके. शेपटीही पांढुरकी. चित्रात बघितलं तर ओळखायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो दिसायचा लांबवर, धुक्यात किंवा उन्हाच्या झळांत, बहुतेकदा युरेशियन कर्ल्यूंच्या थव्यात मिसळलेला. युरेशियन कर्ल्यूंतही नर मादीपेक्षा लहान आणि आखूड चोचीचा असतो, पिल्लांची चोच तर आणखी आखूड. त्यामुळे 'बारीक चोचीचा दिसला' अशा दाव्यांत चुकीला भरपूर वाव होता. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

## उन्हाळा कुठे, हिवाळा कुठे?

हिवाळ्यातलं त्याचं घर माहीत होतं. भूमध्य समुद्राच्या भोवतीच्या देशांत तो यायचा: मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटली, ग्रीस. खाऱ्या पाण्याची सरोवरं, मिठागरं, नदीमुखांची दलदल, पाणथळीकाठची गवताळ जमीन, सगळीकडे त्याचं भागत असे. मोरोक्कोत तर १९७० च्या दशकापर्यंत शंभरावर पक्ष्यांचे थवे नोंदले गेले आहेत.

पण अंडी कुठे घालायचा? इथे सगळं अंधुक होतं. पश्चिम सायबेरियात ओम्स्क प्रांतातल्या तारा या गावाजवळ व्हॅलेंटिन उशाकोव्ह या रशियन पक्षी-अभ्यासकांना १९०९ ते १९२५ या काळात त्याची घरटी सापडली. बर्च आणि विलोची झुडपं असलेल्या दलदलीत, जमिनीवरच केलेली, चार अंड्यांची घरटी. जगाच्या पाठीवर या पक्ष्याची पक्की नोंदली गेलेली घरटी एवढीच. उशाकोव्हनंतर शंभर वर्षांत कुणालाही एकसुद्धा घरटं दिसलं नाही.

प्रवासाची दिशाही वेगळी होती. कझाकस्तान आणि सायबेरियाकडचे कितीतरी पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला वळून आपल्याकडे येतात. राजस्थानातल्या खिचनला जमणारे करकोचे हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. हा कर्ल्यू मात्र मुख्यतः पश्चिमेकडे निघायचा आणि कॅस्पियन व काळ्या समुद्राच्या बाजूने भूमध्य समुद्र गाठायचा. हजारो किलोमीटरच्या या वाटेवर आजच्या नकाशाप्रमाणे डझनाहून जास्त देश येतात.

## पिसावरून गाव कसं शोधलं?

या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं संशोधन इथे येतं.

पाण्यात हायड्रोजन असतो. त्यातला बहुतेक साधा, पण अगदी थोडा वजनाला जड. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड रूपांना समस्थानिकं म्हणतात. पावसात जड हायड्रोजनचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. ढग समुद्रापासून जसजसे दूर आणि थंड प्रदेशाकडे जातात तसतसं जड पाणी आधी पडून जातं आणि उरलेल्या पावसात ते कमी होत जातं. हे पाणी गवतात जातं, गवतातून किड्यांत, किड्यांतून पक्ष्याच्या अंगात. पीस वाढताना तेच प्रमाण त्यात कायमचं बसतं. पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं, त्यामुळे पुढे पक्षी कुठेही गेला तरी ते बदलत नाही.

आता एखाद्या कोवळ्या वयाच्या पक्ष्याचा विचार करा. पहिल्याच हिवाळ्यात इटलीत किंवा ट्युनिशियात मारला गेलेला आणि संग्रहालयाच्या कपाटात शंभर वर्षं पडून असलेला. त्याच्या अंगावरची पिसं तो पिल्लू असताना, जन्मगावीच उगवलेली होती. शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतल्या अशा पक्ष्यांची पिसं तपासली आणि त्यांतलं हायड्रोजनचं प्रमाण पावसाच्या नकाशाशी ताडून बघितलं. २०१७ मध्ये आलेला निष्कर्ष असा की बहुतेक पक्षी तारापेक्षा दक्षिणेला, उत्तर कझाकस्तान आणि लगतच्या रशियातल्या गवताळ पठारांवर, म्हणजे स्टेपवर जन्मले असावेत. तारा बहुधा त्यांच्या मुलखाच्या उत्तर टोकाला होतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. १९९० च्या दशकात या पक्ष्याला वाचवण्यासाठी ज्या शोधमोहिमा सायबेरियात गेल्या, त्यांनी उशाकोव्ह यांच्या नोंदींवर विसंबून ताराच्या आसपासची दलदल पिंजून काढली. त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतंच. मुख्य घर बहुधा कित्येक शे किलोमीटर खाली होतं आणि ते कळायला पुढची वीस वर्षं जायची होती.

## मग तो संपला कशाने?

एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. जो तसं ठेवेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शिकार हे कारण निश्चित आहे. भूमध्य समुद्राभोवती पाणथळीतल्या पक्ष्यांची शिकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कर्ल्यू अंगाने भरलेला, खायला चांगला. त्यात हा इतर कर्ल्यूंपेक्षा कमी बुजरा होता, माणसाला जवळ येऊ द्यायचा. बंदूकवाल्याला जाती ओळखण्याशी देणंघेणं नव्हतं. कर्ल्यूंची शिकार चालते म्हटल्यावर हाही त्यातच जायचा.

पाणथळ जागा कमी झाल्या, हे दुसरं. विसाव्या शतकात दक्षिण युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत मोठाल्या दलदली शेतीसाठी आणि हिवतापाच्या भीतीने कोरड्या केल्या गेल्या. इटलीत रोमच्या दक्षिणेची पॉन्टाइन दलदल मुसोलिनीच्या राजवटीत, १९३० च्या दशकात अशीच आटवली गेली.

तिसरं कारण स्टेपचं. १९५४ पासून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या 'पडीक जमीन' मोहिमेत उत्तर कझाकस्तान आणि आसपासचं कोट्यवधी हेक्टर गवताळ रान काही वर्षांत नांगराखाली आलं. पक्ष्याचं मुख्य घर खरंच तिथे होतं, तर हा घाव मोठाच होता. पण घसरण त्याच्याही आधी सुरू झाली होती. एर्विन स्ट्रेसेमान आणि हेर्मान ग्रोटे या जर्मन पक्षीतज्ज्ञांनी १९४३ मध्येच 'ही जात मरणपंथाला लागली आहे का?' असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. त्यामुळे सगळा दोष नांगराला देता येत नाही. नांगर आला तेव्हा पक्षी आधीच विरळ झालेला होता.

याच्या जोडीला कर्ल्यूंचा स्वभाव. वर्षाला एकच विण, चार अंडी, त्यातलीही सगळी जगत नाहीत. पक्षी दीर्घायुषी असतात, म्हणून हे गणित एरवी जमतं. पण मोठी माणसं, म्हणजे विणीला लागलेले पक्षी, दरवर्षी बंदुकीने टिपले जाऊ लागले की पिल्लांची भरती ते भोक बुजवू शकत नाही. आणि संख्या एका मर्यादेखाली गेली की अफाट गवताळ प्रदेशात नर-मादीची गाठ पडणंच मुश्किल होतं. अगदी शेवटी मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मेर्जा झेर्गा या सरोवरावर काही वर्षं मोजके पक्षी हिवाळ्याला येत राहिले. नंतर तेही संपत गेले आणि १९९५ च्या फेब्रुवारीत शेवटचा पक्षी कॅमेऱ्यात टिपला गेला.

## 'नाही' हे सिद्ध कसं करायचं?

पक्षी आहे हे सांगायला एक फोटो पुरतो. तो कुठेच नाही हे सांगायला मात्र कुठलाच फोटो पुरणार नाही. म्हणून आययूसीएनची कसोटी अशी आहे की शेवटचा जीव मेला आहे याबद्दल 'वाजवी शंका' उरता कामा नये, आणि योग्य जागी, योग्य ऋतूत, पुरेशी शोधाशोध झालेली असली पाहिजे.

वाजवी शंका मोजायची कशी? रोज सकाळी येणारा दूधवाला सलग दहा दिवस आला नाही तर काहीतरी घडलंय हे आपल्याला कळतं. वर्षातून एखाद्या वेळी दारात येणारा वासुदेव दहा दिवस दिसला नाही, तर त्यावरून काहीच कळत नाही. न दिसण्याला किती वजन द्यायचं, हे आधी किती वेळा दिसायचा आणि आपण दाराकडे किती लक्ष ठेवून होतो यावर ठरतं.

संशोधकांनी नेमकं हेच आकड्यांत मांडलं. संग्रहालयांतले नमुने, जुनी टिपणं, फोटो, पाहिल्याचे दावे, असं सगळं वर्षवार लावलं. प्रत्येक नोंद किती विश्वासार्ह ते ठरवलं: हातात असलेला नमुना सर्वांत पक्का, स्पष्ट फोटो त्याखालोखाल, दुरून कुणीतरी पाहिलेला पक्षी बराच खाली. त्यावर शोधमोहिमांची व्याप्ती आणि धोक्यांची तीव्रता चढवली. २०२४ च्या नोव्हेंबरात 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात उत्तर छापून आलं: हा पक्षी आता अस्तित्वात नसण्याची शक्यता ९६ टक्के. पुढच्या वर्षी लाल यादीतला शेरा बदलला तो याच्या आधाराने.

नोंदींना वजन देणं का गरजेचं होतं हे एका उदाहरणाने कळेल. मे १९९८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधल्या ड्रुरिज बे इथे एक लहानसा कर्ल्यू दिसला. अनेकांनी पाहिला, चित्रण झालं, आणि बऱ्याच चर्चेनंतर तो बारीक चोचीचा म्हणून अधिकृत यादीतही गेला. त्यावर आशा केवढी वाढली असेल! पक्षी कोवळ्या वयाचा होता, म्हणजे कुठेतरी अजून विण होत होती. पुढे पुरावा पुन्हा तपासला तेव्हा तो युरेशियन कर्ल्यू नव्हताच असं खात्रीने म्हणता येईना, आणि नोंद यादीतून काढावी लागली. पाहणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा इथे प्रश्नच नव्हता. ज्याची तीव्र इच्छा असते ते दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून तर पुरावा कसोशीने तपासायचा.

## रानपिंगळा सापडला, मग हा का सापडणार नाही?

महाराष्ट्रातला कुणीही पक्षीप्रेमी हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केला. त्यानंतर तो गेलाच असं धरून चाललेले असताना नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना शहाद्याजवळ तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यापुढे कर्ल्यूची तीस वर्षं काहीच नाहीत.

पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. रानपिंगळा एका जागी राहणारा, थोडक्या जंगलांपुरता उरलेला पक्षी. त्या जंगलांत त्याच्या मागावर फारसं कुणी गेलंच नव्हतं. जे गेले त्यांची एका खोट्या नोंदीने दिशाभूल केली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने गुजरातेत १९१४ मध्ये मिळाल्याचा दाखवलेला रानपिंगळा दुसऱ्याच संग्रहातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागी शोध घेतला. तिथे पक्षी होता.

कर्ल्यूच्या बाबतीत उलटं आहे. तो दर हिवाळ्यात उघड्यावर, झाडी नसलेल्या किनाऱ्यांवर यायचा. इटली, ग्रीस, मोरोक्कोच्या त्या किनाऱ्यांवर आज दुर्बिणी घेतलेली माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा असतो. विणीची जागा कझाकस्तानात कितीही आडबाजूला असली तरी हिवाळ्यात त्याला खाली यावंच लागणार. इतक्या डोळ्यांसमोरून तीस वर्षं एकही पक्षी फोटोत न येता जाणं, याचा सरळ अर्थ घ्यायला हवा. ९६ टक्क्यांनंतर उरलेले चार टक्के नाकारायचे नाहीत. उद्या कुणाला स्पष्ट फोटो मिळाला तर शेरा बदलतो, तशी सोय आहे.

## एवढं होतं तर आधीच का जाहीर केलं नाही?

कारण घाईने 'नामशेष' म्हणण्यातही चूक होते. फिलिपीन्समधल्या सेबू बेटावरचा फुलटोच्या हा पक्षी नामशेष झाला असं मानलं गेलं होतं, १९९२ मध्ये तो पुन्हा सापडला. पण 'आता वाचवायला काही उरलंच नाही' असं ठरल्यावर तिथल्या उरल्यासुरल्या जंगलाकडे कोण बघणार? ज्युलिएट मेली असं समजून रोमिओ विष पितो, त्यावरून नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी या प्रकाराला 'रोमिओची चूक' असं नाव दिलं. शेरा पडला की संरक्षण, पैसा आणि लक्ष हटतं, आणि असलेला जीव त्यामुळेच मरू शकतो. म्हणून शास्त्रज्ञ थांबतात, आणि मला ते थांबणं बरोबर वाटतं.

बिनसलं ते १९९५ च्या नंतर नाही, आधी. १९४३ ला प्रश्न विचारला गेला होता. जागतिक पातळीवर तो धोक्यातला ठरला १९८८ मध्ये, त्याच्या रक्षणासाठी देशांमधला करार झाला १९९४ मध्ये. त्यानंतर एखाद्या वर्षात शेवटचा पक्षी दिसला. करार चांगला होता, करणारी माणसं तळमळीची होती. पण त्यांच्या हाती पक्षीच उरला नव्हता.

## एक कर्ल्यू गेला, बाकीचे आहेत ना?

सात आहेत म्हणावं तर तेही खरं नाही. अमेरिकेतला एस्किमो कर्ल्यू एकेकाळी प्रचंड थव्यांनी उडायचा. त्याची शेवटची पक्की नोंद १९६३ ची, बार्बाडोसमध्ये गोळी घालून पाडलेल्या पक्ष्याची. कागदोपत्री त्याला अजून नामशेष म्हटलेलं नाही एवढंच. पूर्व आशियातून ऑस्ट्रेलियाला जाणारा फार ईस्टर्न कर्ल्यू धोक्यात आहे, कारण चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या काठचे चिखलाचे पट्टे भराव घालून संपवले गेले. आपल्या खाड्यांत येणारा युरेशियन कर्ल्यूही 'संकटाच्या जवळ' या गटात आहे.

पण उशीर टाळता येतो याचंही उदाहरण त्याच कझाक स्टेपवर आहे. तिथे विणणारी सोशिएबल लॅपविंग ही टिटवीच्या कुळातली पाहुणी अतिसंकटग्रस्त आहे. २००० नंतर संशोधकांनी तिची विणीची ठिकाणं शोधली आणि मग पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे हलके ट्रान्समीटर बसवले. कर्ल्यूच्या वेळी हे साधन हाताशी नव्हतं. अशाच एका पक्ष्याच्या मागावर जाऊन २००७ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानात ३,२०० पक्ष्यांचा थवा सापडला. ती कुठे उतरते, कुठल्या देशात शिकार होते, हे आता नावानिशी माहीत आहे, त्यामुळे नेमक्या त्या गावांत जाऊन बोलता येतं.

तिच्या दोन वाटा आहेत. एक सीरिया, इराकवरून सुदानकडे जाते. दुसरी पाकिस्तानातून भारतात उतरते, आणि दर हिवाळ्यात कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानच्या गवताळ माळांवर तिचे छोटे थवे येतात. ते माळ सरकारी नोंदीत बहुतेक ठिकाणी 'पडीक' म्हणून लिहिलेले आहेत.